मलम कोणते, त्याआधी वेदना कोणती?

घरातील औषधांच्या डब्यात तापाच्या गोळीइतकीच हमखास सापडणारी वस्तू म्हणजे दुखण्यावर लावायचे मलम. पाठ भरून आली, मान आखडली, जिना उतरताना गुडघा कुरकुरला, की हात त्या ट्यूबकडे जातो. गोळ्यांनी पित्त होते, मूत्रपिंडांवर ताण येतो, ही भीती मनात असल्याने 'वरून लावायचे' औषध सुरक्षित वाटते. चार-आठ दिवसांच्या दुखण्यात ही सवय बहुधा चालून जाते. प्रश्न निर्माण होतो तो शरीराच्या एकाच भागात महिनोन्‌महिने मुक्काम ठोकणाऱ्या वेदनेबाबत. गुडघ्याची झीज, नागीण बरी झाल्यावरही बरगडीवर उरलेली आग, मधुमेहींच्या तळपायांची जळजळ आणि मनगटाचे मोडलेले हाड जुळल्यानंतरही न थांबणारा हाताचा दाह, ही चारही दुखणी वरवर पाहता 'एका जागेची' आहेत. प्रत्यक्षात त्यांचा उगम वेगवेगळा आहे. त्यामुळे एका दुखण्यावर गुणकारी ठरलेले मलम दुसऱ्यावर निरुपयोगी ठरते, तर तिसऱ्यावर ते चोळणेच असह्य होते. म्हणूनच 'कोणते मलम चांगले?' हा दुकानात विचारला जाणारा प्रश्न मुळात अपुरा आहे. वेदना कोणती, हे आधी ठरले पाहिजे.

शब्दांतच दडलेले निदान

मराठीत दुखण्याला एकच शब्द नाही, ही या बाबतीत मोठी सोय आहे. गुडघा 'ठणकतो', मुका मार 'ठसठसतो', कंबर 'धरते', अंग 'मोडून येते'. या शब्दांमागे बहुधा सांधा, स्नायू किंवा स्नायुबंध यांना झालेली इजा अथवा सूज असते. तेथील मज्जातंतू निरोगी असतात आणि इजेची वर्दी मेंदूपर्यंत इमानाने पोहोचवत असतात. याउलट 'आग होते', 'मुंग्या येतात', 'चमक निघते', 'सुया टोचतात', 'विजेचा झटका बसल्यासारखे होते', 'बधिर आहे तरी दुखते' असे रुग्ण सांगतो, तेव्हा बिघाड वर्दी देणाऱ्या मज्जातंतूंतच झाल्याची शक्यता मोठी असते. आग लागलेली नसताना घंटा वाजत राहावी, तसा हा प्रकार.

फ्रान्समधील वैद्यकतज्ज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेली 'डीएन-४' ही प्रश्नावली याच तत्त्वावर उभी आहे. जळजळ, झोंबणारा गारवा, विजेचे झटके, मुंग्या, टोचणी, बधिरपणा, खाज अशा लक्षणांविषयीचे प्रश्न आणि त्वचेची साधी तपासणी मिळून दहा मुद्दे होतात. त्यांपैकी चार किंवा अधिक जुळले, तर वेदना मज्जातंतूंची असण्याकडे कल जातो. डॉक्टरांसमोर केवळ 'दुखते' एवढेच न सांगता ते कसे दुखते, हे आपल्या नेहमीच्या शब्दांत सांगणारा रुग्ण निदानाचे अर्धे काम करून देतो, असे म्हणता येईल.

त्वचेची तटबंदी

मलम लावले म्हणजे ते आत मुरले, असा समज असतो. त्वचेचे कामच मुळी बाहेरचे बाहेर ठेवण्याचे आहे. तिचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असून, त्या पेशींमधील सांधे स्निग्ध द्रव्याने लिंपलेले असतात. हा थर केसापेक्षाही पातळ असला, तरी बहुतेक पदार्थांना तो अडवून धरतो. साधारणपणे ५०० डाल्टनपेक्षा कमी रेणुभाराचे आणि काही प्रमाणात तरी स्निग्धतेत विरघळणारे पदार्थच त्यातून पार होऊ शकतात. पुदिन्याच्या अर्कातील मेंथॉलचा रेणुभार १५६, भूल आणणाऱ्या लिडोकेनचा २३४, दाहशामक डायक्लोफेनॅकचा सुमारे ३००, तर मिरचीतील कॅप्सेसिनचा ३०५ आहे. हे सारे या कसोटीला उतरतात. मात्र रेणू लहान असणे एवढेच पुरेसे नसते. मज्जातंतूंच्या वेदनेवर पोटात घेतले जाणारे गॅबापेंटिन अवघ्या १७१ रेणुभाराचे असूनही पाण्यात विरघळणारे असल्याने त्वचेपाशीच अडते.

तटबंदी ओलांडल्यानंतर औषध किती खोल जाते, हाही प्रश्न उरतोच. गुडघा आणि हाताची बोटे यांचे सांधे त्वचेच्या लगत असतात. खुब्याचा सांधा मात्र स्नायूंच्या जाड थरांखाली असतो. कंबरदुखीचे मूळ मणक्यांच्या सांध्यांत वा चकतीत असेल, तर वरून लावलेले औषध तेथवर पुरेशा प्रमाणात पोहोचणे कठीण. एकच जेल गुडघ्याला उपयोगी पडते आणि खुब्याला पडत नाही, याचे कारण औषधाच्या गुणापेक्षा अंतरात आहे.

बामची ऊब

मलमांच्या कुळातील सर्वांत जुनी आणि लोकप्रिय शाखा बामची. त्याचा मुंबईशी थेट संबंध आहे. आंध्रातून आलेल्या काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ मध्ये मुंबईत 'अमृतांजन' सुरू केले. याच उद्योगाच्या आधारावर पुढे त्यांनी 'आंध्र पत्रिका' हे वृत्तपत्र काढले. या बामच्या जाहिरातीवरून खंडाळ्याच्या घाटातील ब्रिटिशकालीन पूल 'अमृतांजन पूल' म्हणूनच ओळखला जाऊ लागला. २०२० च्या एप्रिलमध्ये तो पाडण्यात आला, तरी नाव प्रवाशांच्या तोंडी राहिले आहे.

बहुतेक बाममध्ये मेंथॉल, कापूर, निलगिरीचे तेल आणि मिथाइल सॅलिसिलेट यांचे मिश्रण असते. मिथाइल सॅलिसिलेट म्हणजे गंधपुरा तेलातील मुख्य घटक. हे पदार्थ त्वचेतील थंड-उष्ण ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतात. मेंथॉलमुळे तापमान प्रत्यक्ष न उतरताही गारवा जाणवतो, कारण थंडी ओळखणाऱ्या 'ट्रिपएम-८' या ग्राहीला ते थेट जागे करते. हा ग्राही २००२ मध्ये उलगडला. या नव्या संवेदनांच्या गर्दीत मूळ वेदना काही काळ मागे पडते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी जणू एक फाटक असते. स्पर्श आणि दाब यांचे संदेश आले की ते काही अंशी मिटते. लागलेल्या जागी हात आपोआप जातो आणि चोळल्यावर बरे वाटते, त्याचे हे स्पष्टीकरण.

बामने मिळणारा आराम खोटा नाही. तो थोड्या वेळाचा असतो आणि दुखण्याच्या मुळाशी जात नाही, इतकेच. थकलेल्या स्नायूंना तेवढे पुरते. सहा महिने ठणकणाऱ्या सांध्याला ते पुरत नाही.

सांध्यांसाठी जेल

झिजेच्या संधिवातात वरून लावायच्या औषधांपैकी सर्वांत भक्कम पुरावा आहे तो दाहशामक जेलच्या बाजूने. डायक्लोफेनॅक हे त्यांतील सर्वपरिचित नाव. भारतात मिळणाऱ्या अनेक जेलवर '१.१६ टक्के डायक्लोफेनॅक डायइथिलअमाइन' असे लिहिलेले असते. ते १ टक्का डायक्लोफेनॅक सोडियमच्या बरोबरीचे होय. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या संधिवातासाठी असे जेल द्यावे, असे म्हटले आहे. अमेरिकेत २००७ मध्ये मंजूर झालेले हे जेल २०२० पासून तेथे चिठ्ठीशिवाय मिळू लागले.

या पसंतीमागे सुरक्षिततेचा विचार आहे. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठरात रक्तस्राव, मूत्रपिंडांची हानी आणि हृदयविकाराचा धोका संभवतो. रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराच्या कारणावरून २००४ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांवरही युरोपात २०१३ मध्ये हृदयरुग्णांच्या बाबतीत निर्बंध आले. जेल एका गुडघ्याला नेमून दिलेल्या मात्रेत लावले, तर रक्तात उतरणारे औषध गोळीच्या तुलनेत सुमारे ६ टक्के असते. साठी ओलांडलेल्या, रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या, पित्ताचा त्रास असलेल्या व्यक्तीसाठी हा फरक फार मोलाचा आहे.

गुण किती येतो, याबाबत मात्र अपेक्षा माफक हव्यात. वैद्यकीय प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेच्या २०१६ च्या अहवालानुसार, संधिवातात सहा ते बारा आठवडे डायक्लोफेनॅक लावणाऱ्या दहापैकी सहा जणांची वेदना बरीच कमी झाली. औषध नसलेले मलम लावणाऱ्या दहांपैकी पाच जणांनाही तसाच आराम पडला. म्हणजे औषधाचा स्वतःचा वाटा दहांत एक. उरलेला आराम चोळण्याचा, निसर्गक्रमाने होणाऱ्या चढउताराचा आणि उपचार सुरू असल्याच्या दिलाशाचा. ताज्या मुरगळण्यात किंवा लचकण्यात हेच जेल कितीतरी अधिक प्रभावी ठरते. दुखणे जुने झाले की औषधाचा प्रभाव ओसरतो, हे यावरून दिसते.

गुण न येण्याचे आणखी एक साधे कारण म्हणजे मात्रा. अमेरिकेतील सूचनेनुसार १ टक्का जेल गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा लावायचे असते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ सुमारे अर्ध्या ग्रॅमची भरते. त्या हिशेबाने एका वेळी आठ रेघा झाल्या. ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांतच संपायला हवी. घरोघरी ती दोन-दोन महिने पुरवली जाते आणि मग 'या मलमाचा काही उपयोग नाही' असा निष्कर्ष निघतो. गुण दिसायला सात दिवसही लागू शकतात. मात्र स्वतःच्या मनाने तीन आठवड्यांपेक्षा अधिक काळ ते लावत राहू नये. तोवर फरक पडला नसेल, तर तपासणी करून घ्यावी.

नागीण गेली, आग राहिली

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जारज्जूलगतच्या गाठींत सुप्तावस्थेत दडून राहतो आणि वय वाढले, प्रतिकारशक्ती उणावली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. हीच नागीण. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, हा समज आजही ऐकू येतो. वस्तुतः पुरळ एका मज्जातंतूच्या पट्ट्यापुरता, शरीराच्या एकाच बाजूला उठतो. त्यामुळे वेढा पूर्ण होण्याची भीती निराधार आहे. खरी भीती पुढचीच असते. पुरळ सुकतो, खपल्या पडतात आणि तरीही त्या पट्ट्यात आग धगधगत राहते. सदऱ्याचा स्पर्श, पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही. तीन महिन्यांपलीकडे टिकणाऱ्या या दुखण्याला नागिणीपश्चात मज्जातंतुवेदना म्हणतात. वयागणिक तिची शक्यता वाढते.

येथे दाहशामक जेल किंवा बाम यांचा उपयोग नगण्य. कारण विझवायला दाहच उरलेला नसतो. इजा झालेले मज्जातंतू विनाकारण संदेश पाठवत राहतात आणि ते संदेश शांत करणे हा उपचार ठरतो. त्यासाठी दोन बाह्य औषधे उपलब्ध आहेत. पहिले लिडोकेन. स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३ मध्ये तयार केलेले हे भूलद्रव्य मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग अडवते आणि संदेश वाहणे थांबवते. ५ टक्के लिडोकेनची पट्टी अमेरिकेत याच विकारासाठी १९९९ मध्ये मंजूर झाली. दुखऱ्या भागावर ती बारा तास लावून पुढचे बारा तास काढून ठेवायची असते. पट्टीमुळे कपड्याचा स्पर्शही अडतो, हा आणखी एक फायदा. पुरळाचे फोड ओले असताना मात्र ती लावता येत नाही.

दुसरे औषध स्वयंपाकघरातले. पोर्तुगिजांबरोबर गोव्यात उतरलेली आणि पुढे भारतीय ताटात कायमची स्थिरावलेली मिरची. तिच्या तिखटपणाचे मूळ असलेल्या द्रव्याला जॉन क्लॉ थ्रेश यांनी १८७६ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे करून 'कॅप्सेसिन' हे नाव दिले. ते लावल्यावर प्रथम भडका उडतो आणि वारंवार लावल्यास ती जागा वेदनेला दाद देईनाशी होते, हे हंगेरीतील मिक्लोश यान्चो यांनी १९४० च्या दशकात नोंदवले. या गुणाचा उलगडा व्हायला १९९७ साल उजाडले. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 'ट्रिपव्ही-१' हा ग्राही शोधून काढला. साधारण ४३ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उष्णता आणि मिरचीचा तिखटपणा, दोहोंनी हा एकच ग्राही चेततो. मिरची 'तोंड भाजते' असे आपण म्हणतो, त्यात अतिशयोक्ती नाही. मज्जातंतूंच्या लेखी ते भाजणेच असते. या संशोधनासाठी ज्युलियस यांना २०२१ मध्ये आर्डेम पॅटापुटियन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

कॅप्सेसिनचे ०.०२५ किंवा ०.०७५ टक्क्यांचे मलम दिवसातून तीन-चार वेळा, कित्येक आठवडे लावावे लागते. सुरुवातीच्या दिवसांत आग वाढते आणि अनेक रुग्ण तेथेच ते सोडून देतात. यावर उपाय म्हणून शंभरपट तीव्र, ८ टक्क्यांची पट्टी तयार झाली. अमेरिकेत ती २००९ मध्ये नागिणीपश्चात वेदनेसाठी आणि २०२० मध्ये मधुमेहींच्या पायांच्या मज्जातंतुवेदनेसाठी मंजूर झाली. पट्टी रुग्णालयात, हातमोजे घालून, तासभर (पायांना अर्धा तास) लावली जाते. त्वचेतील वेदनावाही तंतूंची टोके तिच्यामुळे काही काळ मागे सरतात. ती पुन्हा वाढेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन महिने, आराम मिळू शकतो. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने या दोन्ही पट्ट्यांना मज्जातंतुवेदनेच्या उपचारांत दुसऱ्या फळीत स्थान दिले. घरी मिरची वाटून लेप लावणे हा या उपचाराचा पर्याय नव्हे. त्यात द्रव्याचे प्रमाण अनिश्चित असते आणि त्वचा भाजण्याचीच शक्यता अधिक.

अर्थात, या दुखण्यात मलमापेक्षा वेळ महत्त्वाची. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणुरोधक गोळ्या सुरू केल्यास नागिणीचा जोर कमी होतो. पन्नाशीपुढील व्यक्तींसाठीची लस २०२३ पासून भारतातही उपलब्ध आहे. गेरूचे पट्टे ओढण्यात गेलेले तीन दिवस मात्र परत मिळत नाहीत.

हाड जुळले, हात मात्र परका

चौथे दुखणे सर्वांत गूढ. पाय घसरून मनगटाचे हाड मोडते, प्लास्टर होते, क्ष-किरण छायाचित्रात हाड जुळलेले दिसते. तरीही हात सुजलेला, कधी लालसर व गरम तर कधी निळसर व थंडगार राहतो. घाम सुटतो, नखे आणि केस यांची वाढ बदलते, बोटे ताठरतात. वेदना मूळ इजेच्या मानाने कितीतरी अधिक असते. हा संकुल प्रादेशिक वेदना-विकार. डॉक्टरांच्या बोलण्यात तो 'सीआरपीएस' या आद्याक्षरांनी येतो. हे नाव १९९४ मध्ये रूढ झाले, विकाराचे वर्णन मात्र जुने आहे. अमेरिकी यादवी युद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करणारे सायलस वेअर मिचेल आणि त्यांचे सहकारी यांनी १८६४ मध्ये बंदुकीच्या गोळीने मज्जातंतू दुखावलेल्या सैनिकांच्या जळत्या वेदनेचे बारकाईने वर्णन केले. ते सैनिक दुखरा हात सतत ओल्या फडक्यात ठेवत. काही जण तर बुटांतही पाणी ओतून घेत. वरून लावायचा हा कदाचित या विकारावरील सर्वांत जुना नोंदलेला उपाय.

दीडशे वर्षांनंतरही या विकारावर खात्रीचे मलम सापडलेले नाही. मुक्त कणांमुळे ऊतींची हानी होते, या गृहीतकावर नेदरलँड्समध्ये ५० टक्के डायमिथाइल सल्फॉक्साइडचे मलम सुरुवातीच्या टप्प्यात वापरले गेले आणि तेथील मार्गदर्शक सूचनांतही त्याला स्थान मिळाले. अन्य देशांत त्याचा फारसा प्रसार झाला नाही. पुरावा थोडक्या प्रयोगांवर आधारलेला आहे. हेच द्रव्य कारखान्यांत द्रावक म्हणूनही वापरले जाते. त्याची औद्योगिक प्रत त्वचेवर लावणे धोक्याचे, कारण स्वतःबरोबर ते अशुद्ध घटकही आत नेऊ शकते. लिडोकेनच्या पट्ट्या काही रुग्णांत स्पर्शाची वेदना कमी करण्यासाठी वापरल्या जातात, मात्र त्यांचाही या विकारातील पुरावा अपुरा आहे.

येथे बिघाड केवळ त्वचेतील तंतूंचा नसतो. मज्जारज्जू आणि मेंदू यांची त्या अवयवाविषयीची जाणीवच बदललेली असते. हात आपला वाटेनासा होतो, असे रुग्ण सांगतात. त्यामुळे मुख्य उपचार हालचालीचा. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली लवकर सुरू केलेला व्यायाम, आरशात निरोगी हाताचे प्रतिबिंब पाहत केलेला सराव आणि स्पर्शाची पुन्हा ओळख करून देणे यांवर भर दिला जातो. आधी कापूस, मग रेशमी कापड, मग सुती, शेवटी खरखरीत टॉवेल, अशा क्रमाने त्वचा हळूहळू स्पर्शाला सरावते. मलम लावताना होणारा हलका स्पर्श या सरावाचा भाग होऊ शकतो. याउलट 'रगडून मालिश' केल्याने त्रास वाढतो, आणि दुखते म्हणून हात गळ्यात बांधून ठेवल्याने तो अधिकच ताठरतो. प्लास्टर निघाल्यानंतरही वेदना वाढतच असेल, तर बामच्या बाटल्या बदलण्यात आठवडे दवडू नयेत.

मिश्रणाचा मोह

एका औषधाने भागत नसेल तर पाच एकत्र करावीत, हा विचार सहज सुचणारा आहे. अमेरिकेत औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीबरहुकूम घोटून दिलेल्या मिश्र मलमांचा मोठा व्यापार त्यातूनच उभा राहिला. त्याचा सर्वाधिक बोजा पडला तो सैनिकांच्या आरोग्य योजनेवर. अखेर वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात त्याची रीतसर परीक्षा झाली. एका जागी दुखणाऱ्या ३९९ रुग्णांना वेदनेच्या प्रकारानुसार तीन गटांत विभागून निम्म्यांना मिश्र मलम आणि निम्म्यांना औषधविरहित मलम देण्यात आले. केटामाइन, गॅबापेंटिन, क्लोनिडिन, लिडोकेन, केटोप्रोफेन, बॅक्लोफेन अशी नामांकित औषधे त्यांत होती. महिन्यानंतर दोहोंत उल्लेखनीय फरक आढळला नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने मिश्रणांची भुरळ बरीच उतरवली. तेथील राष्ट्रीय अकादमींच्या २०२० च्या अहवालानेही अशा मलमांतील बहुतेक घटकांच्या परिणामकारकतेला पुरेसा आधार नसल्याचे नमूद केले.

भारतातील अनेक तयार जेलमध्ये डायक्लोफेनॅकसोबत मिथाइल सॅलिसिलेट, मेंथॉल आणि अळशीचे तेल असते. लावताच जाणवणारा गारवा मेंथॉलचा असतो. सांध्यापर्यंत पोहोचण्याचे काम डायक्लोफेनॅक सावकाश करत असते. झोंबण्यावरून औषधाची ताकद जोखणे म्हणूनच फसवे.

'वरून लावायचे' म्हणजे निर्धोक नव्हे

बाह्य औषधेही औषधेच आहेत, याचा विसर पडू नये. काही पथ्ये पाळणे अत्यावश्यक ठरते.

बाम किंवा जेल लावून त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, घट्ट पट्टी बांधू नये. मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या मलमांनी त्वचा गंभीररीत्या भाजल्याच्या तक्रारींनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये तसा इशारा दिला होता. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना भाजल्याचे कळतही नाही. त्यांनी तळपायांवर शेक आणि झोंबणारे बाम दोन्ही टाळावेत.

गंधपुरा तेल मुलांच्या हाती लागू देऊ नये. चहाच्या एका चमच्यात सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असते. ते ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक अॅस्पिरिन गोळ्यांच्या बरोबरीचे होते आणि लहान मुलासाठी प्राणघातक ठरू शकते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी असे बाम मोठ्या भागावर, रोजच्या रोज लावल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

लिडोकेनचे मलम अंगभर चोपडून वर प्लास्टिक गुंडाळणे धोक्याचे आहे. केस काढण्याच्या लेझर उपचारापूर्वी अशा वापरातून मृत्यू ओढवल्यानंतर २००७ मध्ये अमेरिकेत सार्वजनिक इशारा द्यावा लागला. केटोप्रोफेनचे जेल लावलेली त्वचा उन्हात होरपळू शकते, म्हणून युरोपात २०१० पासून ते केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देण्याची शिफारस झाली. कॅप्सेसिन लावल्यानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत. जेलसोबत त्याच औषधाच्या गोळ्याही सुरू असतील, तर जेलमुळे मिळणारी सुरक्षितता उरत नाही. गर्भवती महिला, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि अॅस्पिरिनने दम लागणाऱ्या व्यक्ती यांनी दाहशामक जेलही विचारल्याशिवाय वापरू नये.

गुण मोजण्याची रीत

जुन्या वेदनेत पूर्ण मुक्ती हे ध्येय बहुतेक वेळा साध्य होत नाही. वेदना निम्म्यावर आली तरी वैद्यकशास्त्र त्याला यश मानते, आणि रुग्णाच्या दिनक्रमात त्याने पडणारा फरक खरोखर मोठा असतो. त्यामुळे 'दुखते की नाही' यापेक्षा काय करता येऊ लागले, हे पाहणे योग्य ठरते. किती पायऱ्या चढता आल्या, रात्री किती तास झोप लागली, अंगात सदरा घालवतो का, हाताने पेला धरता येतो का, याची आठवड्यातून एकदा नोंद ठेवावी. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी मलमाची खरी किंमत सांगतात. ठणकणाऱ्या गुडघ्याला दाहशामक जेल आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, नागिणीमागून राहिलेल्या आगीला लिडोकेन वा कॅप्सेसिन, थकलेल्या पाठीला बामची ऊब आणि परक्या झालेल्या हाताला सर्वांआधी हालचाल, अशी ही वाटणी आहे. दुकानाच्या काउंटरवर उभे राहून ती करता येत नाही. ठणका आहे की आग, एवढे नेमके सांगणाऱ्या रुग्णाला आणि ते ऐकून घेणाऱ्या डॉक्टरांना ती सहज करता येते.